छप्पर आतून बघावं

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता हे खरं, पण नंतरचं सगळं आयुष्य बँकेत गेलं. शिवकाल आणि पेशवाई यांवर अधिकारानं बोलणारी मंडळी आपल्या सोसायटीत आहेतच. तेव्हा म्हटलं, जो विषय आपल्या प्रत्येक वार्षिक सभेत निघतो आणि ज्याच्यावरून आवाज चढतात, त्याचाच इतिहास लिहावा. तो विषय म्हणजे छप्पर.

पंचवीस वर्षांत आपण पार्किंगवर भांडलो, पाण्यावर भांडलो, पण टिकून राहिलेला वाद एकच, गच्चीचा. सर्वात वरच्या मजल्यावरचे सभासद म्हणतात, "गळतंय." खालचे म्हणतात, "मागच्याच वर्षी तर केलं ना!" दोघंही खरं बोलतात. हा वाद आपला एकट्याचा नाही, तो फार जुना आहे. माणसानं डोक्यावर आच्छादन घातल्यापासून त्याच्यापुढे एकच अडचण आहे. पाऊस पडतो वरून, पण छप्पर नासल्याचं कळतं आतून. म्हणून ज्यांनी छप्पर आतून बघण्याची सवय ठेवली त्यांची घरं टिकली आणि ज्यांनी नुसती वरून मलमपट्टी केली त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. याची तीन उदाहरणं देतो. एक कोकणातलं, एक मराठवाड्यातलं आणि एक थेट लंडनमधलं.

माळ्यावरची तपासणी

आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. कोकणातल्या जुन्या घरात छप्पर आणि खोली यांच्यामध्ये माळा असायचा. आजच्या मुलांना माळा म्हणजे बाथरूमवरचं सामान ठेवायचं फडताळ वाटतं. आमचा माळा म्हणजे अख्ख्या घराएवढी, तिरक्या छताखालची अर्धी काळोखी जागा. तिथे भात, सुकी लाकडं, पितळेची मोठी भांडी, गणपतीची आरास, जुने पाळणे असं सगळं असे. आणि तिथूनच घराचं छप्पर उलट्या बाजूनं दिसे. मधोमध आढं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा आणि रिपांवर कौलं.

पूर्वी गवताची छपरं होती, मग नळीची कौलं आली. गावचा कुंभार ती करायचा. अर्धगोल, हलकी, एकात एक अडकवलेली. ती मांजराच्या पावलानंही सरकत, माकडं आली तर विचारूच नका. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्याआधी सगळी कौलं काढून, झाडून, फुटकी बाजूला करून पुन्हा बसवावी लागत. यालाच शाकारणी म्हणत. मे महिन्यात शाकारणीचे गडी मिळवणं ही आजच्या प्लंबर मिळवण्याइतकीच कठीण गोष्ट होती.

मग मंगलोरी कौल आलं. ते आपल्या मातीत जन्मलं असलं तरी त्याची कल्पना फ्रान्समधली. आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत खाचेनं अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन कारागीर मिशनऱ्यांनी, त्यांत प्लेब्स्ट हे नाव प्रमुख, मंगळूरला नेत्रावतीच्या काठच्या मातीतून त्या तऱ्हेची कौलं यंत्रावर काढायला सुरुवात केली. नंतर तिथल्या स्थानिक कारखानदारांनीही हा धंदा वाढवला आणि ही लाल कौलं गलबतांतून किनाऱ्यानं वर कोकण-मुंबईपर्यंत पोचली. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं पुरतात. प्रत्येकाला पाठीमागे दोन नाकं असतात, ती रिपेवर अडकतात. खिळा नाही, चुना नाही. नुसत्या वजनावर आणि उतारावर बसलेलं हे छप्पर.

गंमत अशी की कारखान्याचं नाव आणि गाव कौलाच्या खालच्या अंगाला उठवलेलं असतं. म्हणजे छपराचा जन्मदाखला वाचायचा तर माळ्यावरच चढायला हवं. काही कौलांवर १८६५ हे सालही दिसतं. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल, घर बांधल्याचं नव्हे. हे ठाऊक नसल्यानं आमच्या गावात दोन-तीन घरांची वयं उगाचच पन्नास-साठ वर्षांनी वाढलेली आहेत.

आमचे आजोबा वर्षातून दोनदा माळ्यावर जात. एकदा मे महिन्यात, एकदा आषाढातल्या झोडपणाऱ्या पावसात. मे महिन्यातली तपासणी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. माळ्याचं दार लावून घ्यायचं, डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यायची आणि मग वर बघायचं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे कौल फुटलेलं किंवा सरकलेलं. पण प्रत्येक कवडसा म्हणजे गळती नव्हे, हेही ते सांगत. दोन कौलांच्या सांध्यातून खालच्या दिशेनं येणारा उजेड निरुपद्रवी असतो, कारण पाणी उलटं चढत नाही. सरळ माथ्यावरून येणारा कवडसा मात्र पाऊस आत आणणारच.

आषाढातली तपासणी याच्या उलट. पाऊस चालू असताना कंदील घेऊन जायचं आणि ओल कुठून कुठे जाते ते बघायचं. पाणी जिथून आत येतं तिथेच खाली पडतं असं नाही. ते वाशावरून ओघळत चार-पाच हात खाली येतं आणि एखाद्या गाठीपाशी किंवा सांध्यापाशी टपकतं. खाली बादली ठेवलेली असते तिथून सरळ वर बघून कौल बदललं तर पैसे वाया. ओघळ धरून वर जायचं, मूळ जागेवर चुन्याची खूण करायची आणि उघडीप मिळाली की काम करायचं.

लाकडाची परीक्षा हातानं होई. दाभण किंवा कोयत्याचं टोक वाशात खुपसून बघायचं. टोक अडलं तर लाकूड जिवंत आहे, लोण्यासारखं आत गेलं तर मेलं. खाली बारीक पिठासारखा भुसा पडला असेल तर भुंगा लागलाय. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर गेली असेल तर वाळवी. काळपट कडा असलेले डाग एकात एक दिसले तर तिथे एका नव्हे, अनेक पावसाळ्यांचं पाणी मुरलंय. सर्वात आधी नासायचं ते वाशाचं वळचणीकडचं टोक, कारण ते भिंतीवर टेकलेलं आणि कायम ओलसर. दुसरी जागा म्हणजे दोन पाखी जिथे मिळतात ती पन्हळ. चालताना पाय तुळईवरच ठेवायचा, फळीवर कधीच नाही, हा नियम आम्हा पोरांना पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलेला होता.

दुरुस्तीही आतूनच व्हायची. वरचं कौल किंचित उचलायचं, खालचं फुटकं दोन रिपांमधून आत ओढून घ्यायचं, नवं त्याच वाटेनं सरकवायचं. छपरावर माणूस चढवला तर एक कौल बदलताना चार फुटतात. वासा नासला असेल तर अख्खं पाखं उतरवायची गरज नसे. आधी खालून टेकू द्यायचा. नासका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत तासून टाकायचा. मग त्याच्या अंगाला नवा वासा लावायचा, पण निरोगी भागावर दोन्हीकडे चांगला हात-दीड हात चढेल असा. बोल्ट मारायचे आणि काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडायचं. त्या तेलाचा चटका हाताला लागला की आठवडाभर जात नाही, पण वाळवीही तिकडे फिरकत नाही. मात्र पाणी यायचं थांबवल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. ओल तशीच ठेवून नवा वासा बसवला तर तो जुन्यापेक्षा लवकर जातो.

काही श्रीमंत बंगल्यांत आणि सरकारी इमारतींत कौलांखाली सलग फळ्या मारलेल्या असत. दिसायला देखणं, धूळ पडत नाही, उकाडाही कमी. पण फळ्या मारल्या की खालून कौल दिसत नाही. बारीकसारीक गळती फळ्यांच्या पाठीवर मुरत राहते आणि फळीच्या खालच्या अंगाला डाग उमटेपर्यंत वरची बाजू कुजून गेलेली असते. अशा छपरात दरवर्षी एखाद-दोन फळ्या मुद्दाम सोडवून आत बघावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आपल्याच इमारतीत तो पुन्हा येणार आहे.

माळवद आणि १९९३

१९८०च्या दशकात माझी बदली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. भाड्यानं घर मिळालं ते माळवदाचं. कोकणातल्या माणसाला ते घर म्हणजे नवलच. पाऊण पुरुष रुंदीच्या दगडी भिंती, तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर सलग लाकडी फळ्या, त्यांवर पाला-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी मध्ये एक साणं. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत घागरीतल्या पाण्यासारखा गारवा. पाऊस कमी असलेल्या मुलखात माळवदाइतकं सोयीचं छप्पर नाही, हे मी मनापासून सांगतो.

आमचे घरमालक दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर माती टाकून घ्यायचे. गळलं की माती, भेग दिसली की माती. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं, त्यांच्या आजोबांनीही. जुनी माती खरवडून मग नवी टाकावी असा रिवाज होता म्हणे, पण खरवडायला मजुरी लागते आणि टाकायला कमी लागते. त्यामुळे थर वाढत गेला. कितीतरी घरांत तो फुटाच्या वर, काही ठिकाणी दोन फुटांपर्यंत गेलेला होता.

आता जरा हिशेब करू, बँकेची सवय आहे. दहा फूट बाय दहा फूट खोली. तिच्यावर एक इंच ओलसर माती म्हणजे साधारण सव्वाचारशे किलो वजन. एक फूट म्हणजे पाच टन. दोन फूट म्हणजे दहा टन, म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा. आणि तो ट्रक ज्या फळ्यांवर, कड्यांवर उभा, त्यांची खालची बाजू चुलीच्या धुरानं काळी झालेली. वरची बाजू तर मातीखाली. म्हणजे लाकडाची खरी अवस्था कोणालाच दिसत नव्हती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाबद्दल आपल्या पिढीला सांगायची गरज नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी झोपेत आणि स्वतःच्याच घराखाली. मी तोपर्यंत तिथून बदलून आलो होतो. आमच्या जुन्या शाखेच्या खातेदारांची खबर कळायला कित्येक दिवस लागले.

नंतर तज्ज्ञांनी जी पाहणी केली तिच्यात दोष प्रामुख्यानं दोन ठिकाणी निघाला. एक, भिंती. मातीत रचलेले ओबडधोबड दगड, भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंफलेला नाही, त्यामुळे हादऱ्यानं दोन्ही थर फाकले. दुसरा, डोक्यावरचं माळवदाचं वजन. भिंत फाकली की ते सगळं खाली. आणि यातही एक शिकण्यासारखी गोष्ट दिसली. काही घरांत माळवद भिंतीवर नव्हे तर लाकडी खांबांच्या खणांवर पेललेलं होतं. त्यांतल्या काहींच्या भिंती पडल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. म्हणजे लाकूड शाबूत असेल आणि वजन त्याच्यावर नीट आलेलं असेल तर छप्परच माणसाला तारतं. पुढे उरलेल्या घरांच्या मजबुतीकरणात ज्या सूचना दिल्या गेल्या त्यांतली एक अगदी साधी होती. माळवदावरचा मातीचा थर कमी करा.

मला यातली चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्या मातीच्या प्रत्येक टोपलीमागे काळजी होती. घर गळू नये, पोरं भिजू नयेत, म्हणूनच ती टाकलेली होती. वर्षानुवर्षं घेतलेल्या काळजीचंच ओझं झालं.

वेस्टमिन्स्टरचं पोखरलेलं छप्पर

तिसरी गोष्ट लंडनची. तिथल्या पार्लमेंटच्या आवारात वेस्टमिन्स्टर हॉल नावाची इमारत आहे. भिंती १०९७ ते १०९९ मध्ये उभ्या राहिल्या. छप्पर मात्र तीनशे वर्षांनंतरचं, दुसऱ्या रिचर्ड राजानं १३९३ पासून करून घेतलेलं. ह्यू हरलँड नावाच्या सुतारानं ओकच्या लाकडात ते उभारलं. साधारण २४० फूट लांब आणि ६८ फूट रुंद दालन, आणि मध्ये एकही खांब नाही. पुढे पाचशे वर्षं या छपराखाली इंग्लंडचा इतिहास घडला. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाला इथेच मृत्युदंड सुनावला गेला.

आपल्याशीही या दालनाचा संबंध आहे. ज्याच्या कारकिर्दीत इंग्रजांचं मराठ्यांशी पहिलं युद्ध झालं आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला याच हॉलमध्ये चालला. १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं. हिंदुस्थानातल्या त्याच्या कारभाराची झाडाझडती खाली चालू असताना वर लाकडात दुसरंच कोणीतरी आपलं काम करत असणार.

कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी वास्तुविशारद फ्रँक बेन्स यांनी परात चढवून छपराची जवळून तपासणी केली तेव्हा तुळया बाहेरून दणदणीत आणि आतून पोकळ निघाल्या. सगळीकडे डेथवॉच बीटल नावाच्या भुंग्यानं पोखरलेलं. याची अळी लाकडाच्या पोटात वर्षानुवर्षं राहते. बाहेर दिसतं ते फक्त एक छोटं भोक, तेही भुंगा बाहेर पडून गेल्यानंतर. हा भुंगा डोकं लाकडावर आपटून टकटक आवाज करतो. रात्री आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना तो शांततेत ऐकू येई, म्हणून त्याला मृत्यूचा पहारेकरी असं नाव पडलं. ओलसर, बुरशी लागलेला ओक त्याला आवडतो. म्हणजे आधी पाणी, मग बुरशी, मग भुंगा, हाच क्रम. कोकणात वळचणीकडची टोकं आधी जातात, तसाच हा प्रकार.

बेन्स यांनी १९१४ मध्ये अहवाल दिला. सगळं उतरवून नवं छप्पर घाला असं त्यांनी म्हटलं नाही. जुनं लाकूड शक्य तेवढं जागेवर ठेवून, आतून पोलादाचा सांगाडा असा बसवला की खालून दिसूच नये. मध्ये महायुद्ध आलं, तरी काम १९२३ पर्यंत पुरं झालं. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात पार्लमेंटला आग लागली. शेजारचं हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह जळालं, पण हॉल वाचवण्याला अग्रक्रम दिला गेला आणि ते छप्पर आजही उभं आहे.

भुंगा मारायचं औषध शोधण्यासाठी बेन्स यांनी ज्या कीटकतज्ज्ञाला गाठलं त्याचं नाव हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. हा गृहस्थ आपल्याकडून गेलेला. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत तो सरकारचा कीटकशास्त्रज्ञ होता, हिंदुस्थानातल्या किड्यांवर त्यानं १९०९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि १९१२ मध्ये तो इंग्लंडला परतला. वेस्टमिन्स्टरच्या कामातून त्याला पुढे औषधांचा धंदाच सुचला. १९२५ मध्ये कंपनी निघाली, रेंटोकिल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूवर काम करताना त्या वायूचीच बाधा होऊन तो गेला. त्याच्या कंपनीचं नाव आज आपल्या शहरांत पेस्ट कंट्रोलच्या गाड्यांवर दिसतं. गाडी दिसली तर त्या छपराची आठवण काढा.

स्लॅब आला, माळा गेला

आता आपल्याकडे येऊ. काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याची युक्ती एका फ्रेंच माळ्याची. जोसेफ मोनिए याला फुलझाडांच्या कुंड्या टिकाऊ करायच्या होत्या, म्हणून त्यानं त्यांत लोखंडाची जाळी घातली आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. त्या कुंडीची पुढची पिढी म्हणजे आपल्या डोक्यावरचा आर.सी.सी. स्लॅब. गेल्या पन्नास-साठ वर्षांत शहरांतली कौलं गेली, पत्रे गेले, स्लॅब आला. शाकारणी संपली, माकडांचा त्रास संपला. "आता काही बघायला नको," असं म्हणत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

माझ्या मते गाडी इथेच अडली. स्लॅबला बघावं लागत नाही असं नाही, बघायची जागा तेवढी गेली. कौलारू घरात छपराखाली माळा होता, तो सगळ्या घराचा होता. स्लॅबच्या खाली कोणाचा तरी दिवाणखाना असतो. सोसायटीच्या छपराची आतली बाजू ही सर्वात वरच्या मजल्यावरच्या सभासदांची खाजगी बाब होऊन बसली. इतरांना ती दिसतच नाही.

स्लॅबमध्ये भुंगा नसतो, पण त्याचं काम गंज करतो. पाणी मुरत मुरत सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून फाडतो. आधी छताला ओलसर डाग, मग पांढरी बुरशीसारखी क्षारांची फुलं, मग सळईच्या रेषेतच सरळ जाणारी बारीक भेग, मग तांबूस ओघळ, आणि शेवटी पोपडा खाली. हे सगळं खालून दिसतं, गच्चीवर उभं राहून यातलं काहीही दिसत नाही. परीक्षाही जुनीच. हातोडीनं हलकं ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट जिवंत, बद्द आला तर आतून सुटलंय. सरळ रेषेत पाणी टपकत नाही हा नियमही तोच. स्लॅबच्या पोटात पाणी सळयांच्या आणि पाइपांच्या कडेनं भलतीकडेच फिरतं.

आणि आपण काय करतो? गळालं की वरून आणखी एक थर. कोबा, त्यावर रसायन, त्यावर पुन्हा कोबा. चार इंच कोबा म्हणजे शंभर चौरस फुटांवर सुमारे दोन टन वजन. जुना न काढता दुसरा टाकला तर चार टन. आमच्या घरमालकांची मातीची टोपली आणि आपली कोब्याची निविदा यांत मला फार फरक वाटत नाही. खाली मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हौसेनं फॉल्स सीलिंग करून घेतलंय. मघाशी म्हटलं होतं ना, कौलांखाली फळ्या मारल्या की गळती फळीच्या पाठीवर मुरते? तीच गोष्ट. ज्यांनी केलंय त्यांना काढून टाका असं मी म्हणत नाही. प्रत्येक खोलीत हात आणि बॅटरी जाईल एवढी एक झाकणाची खिडकी ठेवा, एवढंच.

बँकेत असताना गोदामातल्या मालावर कर्ज दिलं की अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष जाऊन माल बघायचा असा नियम होता. थप्पीची पुढची पोती मोजून परत येणारे अधिकारी असायचे. मुरलेले अधिकारी थप्पीच्या आतलं एखादं पोतं ओढून, फोडून बघायचे. कर्ज बुडणार की नाही ते त्या आतल्या पोत्यावरून कळायचं.

सरकारच्या आदर्श उपविधींनी हीच गोष्ट लिहून ठेवलेली आहे. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. गच्चीतून गळून वरच्या मजल्याचं छत आणि गिलावा खराब झाला तर तो दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीचा, त्या एकट्या सभासदाचा नव्हे. त्यासाठी दुरुस्ती निधीला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला किमान पाव टक्का वर्गणी सांगितलेली आहे. "माझं घर तळमजल्यावर, मला गच्चीचं काय?" या प्रश्नाचं उत्तर या तरतुदींतच आहे. छप्पर एकाच्या डोक्यावर दिसत असलं तरी ते सगळ्यांच्या मालकीचं आहे.

रौप्यमहोत्सवी वर्षात माझी कार्यकारिणीला एक छोटी सूचना आहे. एक वही करावी, छताची वही. दरवर्षी मे महिन्यात एकदा आणि भर पावसात एकदा, अभियंत्यासोबत दोन सभासदांनी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छत बघावं. कुठल्या खोलीत, कोणत्या कोपऱ्यात, केवढा डाग, तारीख आणि फोटो. पुढच्या वर्षी तोच डाग मोजावा. वाढला तर मूळ शोधावं, नाही वाढला तर उगाच खर्च करू नये. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांनी दार उघडावं आणि खालच्यांनी चार जिने चढून जावं. कोब्यावर आपण जे लाख-लाख रुपये घालतो, त्यांच्यापुढे या वहीची किंमत चाळीस रुपये आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी ताबा मिळाला तेव्हा आपल्यातले बरेच जण चाळिशी-पन्नाशीत होतो. आता जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबावं लागतं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणीतरी लिहीलच, तेव्हा त्याच्या हाताशी पंचवीस वर्षांच्या नोंदी असलेली ती वही असावी. सर्व सभासदांना आणि त्यांच्या मुलाबाळांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.